भुलाबाई आमचं दार सोडून पुढे गेली

सुईदोरा:

नमस्कार मंडळी. हा आयडी कालच काढलाय. जुन्या आयडीने मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, ती ओळख यात नको. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, सिडकोतली. ज्यांनी सिडको पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की ओळीने घरं आणि दोन घरांत मिळून एक भिंत. पलीकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला मोजता येतं, आणि आमच्याकडे कोण कधी रडलं ते त्यांना. आमच्या ओळीत निम्म्याहून जास्त घरं खानदेशातली, अंबड-सातपूरच्या कंपन्यांमागे आलेली. माझंही माहेर धरणगाव. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या पोरी भोंडला कमी आणि भुलाबाई जास्त खेळतात. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसवायचे, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची, आणि ज्या घरी गाणी झाली त्या घराने खाऊ द्यायचा. खाऊ सुखासुखी मिळत नाही. डबा बंद असतो. कानाशी हलवायचा आणि ओळखायचा. गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, असं विचारत विचारत. जिचा खाऊ कुणालाच ओळखता आला नाही तिची मान वर्षभर ताठ.

माझी लेक आठवीत आहे. मागच्या वर्षी ती भुलाबाईला गेलीच नाही, आपणहून. यंदा मीच तिला पुढे ढकललं. म्हटलं, आता सगळं फिटलंय, जा. पौर्णिमेला टिपऱ्या घेऊन गेली आणि दहा मिनिटांत परत आली. "आमच्या जोड्या झाल्यात, तू आलीस तर एक जण उरते," असं म्हणाल्या म्हणे. बरं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यामागे लकडा लावला की फुणके कर. मला कळेना, भुलाबाईला फुणके कोण देतं? तर म्हणे, "आई, फुणके डब्यात हलवले तर आवाजच येत नाही. कोणी ओळखूच शकणार नाही." तिला टोळीत घेतलं नव्हतं, पण टोळी दारात तर येईल ना, असा तिचा हिशोब.

मी डाळ भिजवली, वाटली, उकडून चाळीस फुणके केले. तिने डबा गच्च भरला. साडेसातला पोरी पलीकडच्या घरी आल्या. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. गाणी झाली, डबा खुळखुळला, कोणीतरी "शेव!" म्हणून ओरडलं, हशा झाला. मग चपलांचे आवाज. लेक दाराआड उभी, एक हात कडीवर, दुसऱ्या हातात डबा. आमच्या फाटकाची कडी वाजलीच नाही. थोड्या वेळाने टिपऱ्यांचा आवाज आला तो आमच्या पुढच्या घरातून.

फुणके आम्ही नवरा-बायकोने दोन दिवस कढीत घालून खाल्ले. तिने हात लावला नाही.

त्याच्या तीनच दिवस आधी शाळेत शिक्षकदिन होता. बाईंना भेट द्यायला वर्गातून पन्नास-पन्नास रुपये काढायचे ठरले. माझी लेक मॉनिटर, म्हणून पैसे तिच्याकडे जमायला हवेत. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "हिच्याकडे नको रे." कारण सांगितलं नाही. वर्गात आमच्या भागातली सात-आठ पोरं आहेत, कारण सगळ्यांना माहीत होतं.

आता कारण. मी आमच्या ओळीची भिशी सांभाळायचे. सहा वर्षं सांभाळली. चिठ्ठी काढायची भिशी नव्हे, साठवायची. बावीस बायका, महिन्याला एक हजार, जमलेल्यातून जिला नड असेल तिला दोन टक्क्यांनी उचल द्यायची आणि दिवाळीच्या आधी व्याजासकट वाटप. डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ असे अकरा हप्ते, मुद्दलच २,४२,००० रुपये. वही माझ्याकडे, डबा माझ्याकडे.

फेब्रुवारीत मिस्टरांचं काम सुटलं. ठेकेदाराकडची नोकरी, सकाळी सांगितलं, संध्याकाळी बंद. मार्चमध्ये मी डब्यातून वीस हजार घेतले, जूनमध्ये तीस, ऑगस्टमध्ये चोवीस. एकूण ७४,०००. पहिले घराच्या हप्त्यांत गेले, दुसरे शाळेत, तिसरे कशात गेले ते मला आजही धड सांगता येत नाही. किराणा, गाडी, सासूबाईंचा चष्मा. उचल म्हणून चारचौघीत मागता आले असते. बाकीच्या मागायच्याच. पण वहीवालीनेच हात पसरायचा? माझ्याच्याने झालं नाही. वहीत काही रक्कम शिल्लक दाखवली, काही एकीच्या नावावर उचल दाखवली. वाटपाच्या दिवशी फुटलं.

कानातलं आणि अंगठी सराफ बाजारात मोडून ३८,००० लगेच दिले. उरलेले ३६,००० दर महिन्याला तीन हजार असे. नोव्हेंबर २०२४ ला शेवटचा हप्ता दिला. त्या वर्षभरात ओळीतल्या कुणी ब्लाऊज शिवायला दिला नाही, फॉल-पिकोसुद्धा नाही. पाथर्डी फाट्यावरच्या एका दुकानाचं काम घेऊन दिवस काढले. मला त्याचं काही नाही. मी केलं, मी भरलं. पण पोरीने काय केलं?

मिस्टर म्हणतात हे घर भाड्याने देऊ आणि म्हसरूळकडे राहायला जाऊ, तिकडे आपल्याला कुत्रं ओळखत नाही. लेक म्हणते मी जाणार नाही. आणि तिला अजून मी नीट काही सांगितलेलं नाही. तेव्हा सहावीत होती, "हिशोबात चूक झाली" एवढंच सांगितलं होतं. जावं का? आणि तिला काय सांगावं?

गंगेवरचा:

ताई, सरळ घर बदला. नाशिक आता केवढं वाढलंय. म्हसरूळ नाहीतर आडगाव, शाळाही बदलेल, विषय संपला. लोकांना दुसरा विषय मिळाला की तुम्हाला विसरतील. फुणक्यांचं वाचून मात्र गलबललं. (अवांतर: फुणक्यात तुम्ही तूरडाळ घेता का मिश्र डाळी?)

खरं_बोलू_का:

राग मानू नका, पण बावीस बायकांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. माझी आई धुणीभांडी करून भिशी भरायची. हजार रुपये म्हणजे तिच्या दोन घरांचा महिन्याचा पगार. दिवाळीच्या तोंडावर "जरा थांबा" ऐकलं असतं तर तिने काय केलं असतं, मला विचार करवत नाही. तुम्ही पैसे फेडले, चांगलं केलं. पण "मी केलं, मी भरलं" हे जरा पटकन म्हणताय. भरलं ते पैसे. बाकीचं फिटलं की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं.

मुलीशी जे झालं ते चूक आहे, त्याबद्दल दुमत नाही.

चिऊचा_बाबा:

हा सरळ सरळ सामाजिक बहिष्कार आहे! त्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे. तक्रार करा, एकेकीला वठणीवर आणा. तीन वर्षं कैद आहे त्यात.

काळा_कोट:

वकील आहे, नाशिकच्याच कोर्टात असते, म्हणून वरच्या प्रतिसादाला हात जोडून थांबवते. तो २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे बरोबर. पण तो आला कशासाठी हे नाशिककरांना तरी आठवायला हवं. अंनिसचं जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान २०१३ मध्ये इथूनच उभं राहिलं. लग्न जातीबाहेर केलं म्हणून वाळीत टाकणं, पंचांनी दंड लावणं, मयताला खांदा न देणं, असली प्रकरणं होती ती. भुलाबाईच्या पोरी एक फाटक सोडून पुढे गेल्या, याला तो कायदा लावायला गेलात तर ठाणे अंमलदार हसेल आणि गल्लीतला एकुलता एक उघडा दरवाजाही बंद होईल.

बरं, कायद्याचंच बोलायचं तर दुसरी बाजूही ऐका. सुईदोरा, घाबरवत नाही, पण २०२३ साली जे झालं ते जुन्या भारतीय दंड संहितेत विश्वासघात या सदरात बसलं असतं, कलम ४०६. पैसे परत दिल्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही. आणि वहीत खोटी नोंद हा त्याहून वेगळा मुद्दा. तरी बावीस जणींपैकी एकीनेही अंबड पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही. का, ते मला माहीत नाही. भिडेखातर असेल, भिशीचं प्रकरण घरच्या पुरुषांना कळू नये म्हणून असेल. पण चढली नाही. ज्यांनी तुम्हाला वर्षभर ब्लाऊज दिला नाही त्याच या बायका. दोन्ही गोष्टी एकदमच धरून चला.

निवृत्त_मास्तर:

भगिनी, मी एकेचाळीस वर्षे वर्गात उभा राहिलो. आपला प्रश्न वाचून छांदोग्य उपनिषदातील चौथा अध्याय आठवला. सत्यकाम आईला विचारतो, मला गुरूंकडे जायचे आहे, माझे गोत्र कोणते? जबाला त्याला स्वच्छ सांगते की तरुणपणी मी अनेकांकडे सेवा करीत फिरले, त्या काळात तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तर तू सत्यकाम जाबाल असे सांग. तो हारिद्रुमत गौतमांसमोर जाऊन शब्दाला शब्द तेच सांगतो. गौतम म्हणतात, समिधा आण, मी तुझे उपनयन करतो, तू सत्यापासून ढळला नाहीस.

लोक सत्यकामाचे कौतुक करतात. मला नेहमी जबालेचे वाटत आले. मुलाच्या डोळ्यांत पाहून ते सांगणे सोपे नव्हते. तिने गोत्र बनवून सांगितले असते तर कोण तपासायला जाणार होते?

मिसळ_कमी_तिखट:

मास्तर, साष्टांग नमस्कार, पण सत्यकामाला गौतम भेटले. इथे आठवी ब च्या वर्गात पन्नास रुपये गोळा करायचेत, आणि "हिच्याकडे नको रे" म्हणणाऱ्याला बाईंनी काही विचारलं की नाही हे ताईंनी लिहिलेलंच नाही.

सुईदोरा:

@मिसळ_कमी_तिखट, बाई वर्गात नव्हत्या. भेट त्यांच्यासाठीच होती ना. पैसे शेवटी दुसऱ्या मुलीकडे जमले. लेकीने आपले पन्नास आणून तिच्या हातात दिले आणि मॉनिटरची पट्टी काढून दप्तरात टाकली. मला हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

@गंगेवरचा, तूर, हरभरा, मूग, थोडी मठ. उकडल्यावर तेलाची फोडणी.

@खरं_बोलू_का, राग आला होता. दोनदा लिहून पुसलं. तुमचं बरोबर आहे.

बिटकोचा_बाळ्या:

मी सहसा वाचनमात्र असतो. पण हा धागा दुपारपासून डोक्यात आहे.

मी नाशिकरोडचा. माझी आई एका पतपेढीची पिग्मी एजंट होती. लहानपणी मी तिच्याबरोबर फिरायचो. बिटको चौकातली दुकानं, देवळाली गावातले भाजीवाले, रोज दहा-वीस रुपये, कार्डावर सही. सगळे तिला ताई म्हणायचे, मला गोळ्या द्यायचे. मी सातवीत असताना तिने चार-पाच जणांचे पैसे दोन महिने पतपेढीत भरलेच नाहीत. मामाच्या ऑपरेशनला दिले होते. पुढे भरले, नोकरी गेली, एवढंच. पेपरात काही आलं नाही, पोलीस नाही.

मला कुणी सांगितलं नाही. फक्त दुकानं बदलली. म्हणजे दुकानं तीच, पण गोळ्या बंद झाल्या. एकदा वही आणायला गेलो, पन्नासची नोट दिली, तर स्टेशनरीवाल्या काकांनी ती उजेडात धरून पाहिली. पन्नासची! मी घरी येऊन आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांना कमी दिसतं आता." मी ते खरं मानलं. दोन वर्षं मी त्या काकांना कीव येऊन शटर ओढू लागायचो.

नववीत क्रिकेट खेळताना भांडण झालं आणि समोरचा म्हणाला, "चोरट्याची अवलाद." मग दोघा-तिघांनी मिळून मला सगळं सांगितलं, रकमेसकट, मामाच्या ऑपरेशनसकट. त्या दिवशी मला आईने पैसे घेतले याचा राग आला नाही. खरंच नाही, मामा वाचला होता. राग याचा आला की मैदानावरच्या अकराही जणांना माहीत होतं आणि मी एकटाच शटर ओढू लागत होतो.

आम्हीसुद्धा नंतर घर बदललं. सिन्नरला दोन वर्षं राहिलो. तिथे कुणाला माहीत नव्हतं, पण आई कुणाच्या घरी चहालासुद्धा जाईना. कुणी हाक मारली की दचकायची. परत आलो तेव्हा ती जास्त मोकळी झाली, हे खरंच सांगतो. इथे निदान कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही याचा अंदाज तरी होता.

तुमच्या मुलीला कदाचित सगळं माहीत असेल. नसलं तर आठवडाभरात कुणीतरी सांगेल. तुम्ही पहिल्या असा.

चौथी_स्कीम:

सुईदोरा, मीही सिडकोतलीच, तुमच्यापासून लांब नसेन. तुमचा पहिला मजकूर मी तीनदा वाचला. फुणके किती, ते आहे. डाळी कोणत्या, त्या आहेत. वीस, तीस, चोवीस हजार, महिन्यांसकट आहे. आणि मध्येच एक वाक्य आहे, "काही एकीच्या नावावर उचल दाखवली." ही एक कोण? तिचं पुढे काय झालं? तिच्याबद्दल पुढे एक ओळ नाही.

विचारते कारण आमच्या ओळीतही असंच झालं होतं, आणि त्यातली ती "एक" मी होते. माझ्या नावावर पंधरा हजार दाखवले होते. दोन दिवसांत खरं काय ते कळलं, सगळ्यांनी माझी समजूत घातली. पण त्या दोन दिवसांत माझ्या घरी जे झालं ते मी आजतागायत आईलाही सांगितलेलं नाही. पंधरा हजार घेऊन कोणाला दिलेस, हा प्रश्न नवऱ्याने विचारला, दिराने विचारला, शेवटी माझ्या मुलाने विचारला. ज्या बाईने माझं नाव लिहिलं तिने पैसे भरले, हळदीकुंकवाला सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही पडली, रांगेत, बाकीच्यांसारखीच.

तिच्या मुलाशी मी कधी वाईट वागले नाही. पण माझा मुलगा त्याच्याशी खेळायचा थांबला आणि मी त्याला जा म्हटलं नाही. एवढं मी केलं. तेवढंच केलं.

काळा_कोट:

+१. मी वेगळा मुद्दा म्हटलं होतं तो हाच.

सुईदोरा:

आठ दिवस इकडे आले नाही. आता लिहिते.

@चौथी_स्कीम, ती एक म्हणजे भिंतीपलीकडच्या वहिनी. ज्यांच्या घरी शेव होती त्या. त्यांची मुलगी आणि माझी लेक बालवाडीपासून एका रिक्षात. ऑक्टोबरमध्ये वही जुळवायला बसले तेव्हा वहिनी सासूच्या आजारपणात गावी होत्या. विचारायला इथे नाहीत, म्हणून त्यांचं नाव सुचलं. चोवीस हजार. वाटपाच्या दिवशी त्यांनी "मी कधी उचलले?" म्हटलं तेव्हा मी पहिली पाच मिनिटं "अहो, तुम्ही विसरलात" असं म्हटलेलं आहे. हे मी आजवर कुणाला लिहून दिलं नव्हतं. मिस्टरांनाही ही पाच मिनिटं माहीत नाहीत.

आधी लेकीचं. बाळ्या, तुमचं वाचून त्याच रात्री तिला सांगितलं. मी मशीनवर होते, ती मला हुक काढून देत होती. मी मान वर न करताच सांगितलं, मास्तर, तेवढं डोळ्यांत पाहून जमलं नाही. सगळं सांगितलं, नावाचं पण. ती हुकाची डबी बंद करून म्हणाली, "मला माहीत आहे. तू त्या रात्री वही लिहीत होतीस तेव्हा मी जागी होते. वहिनींचं नाव लिहिलंस आणि मग किती वेळ पेनाचं टोपण चावत बसली होतीस."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, "तू म्हणालीस हिशोबात चूक झाली. मी सगळ्यांना तेच सांगितलं." दोन वर्षं ती शाळेत आणि गल्लीत माझं वाक्य सांगत फिरत होती. आईकडून हिशोबात चूक झाली होती, झालं ते दिलं परत. आणि ऐकणाऱ्या पोरींमध्ये वहिनींची मुलगी. जोड्या का झाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. ती मुलगी काय म्हणणार? माझ्या आईवर आळ घातला त्याला तू चूक म्हणतेस?

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींकडे गेले. त्या ग्रीलच्या आत उभ्या राहिल्या, ये म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी माफी वगैरे सुरू केलं तर म्हणाल्या, "पैशाचं मला नका सांगू. माझ्या कपाटाची किल्ली माहितीये का कुठे असते? ह्यांच्या खिशात. तेव्हा घेतली ती अजून दिली नाही. भाजीला पैसे मागून घेते मी." खरं काय ते सगळ्या ओळीला कळलं, त्यांच्या मिस्टरांनाही कळलं. पण किल्ली काही परत आली नाही. मी भिंतीच्या या बाजूला, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजते, आणि मला हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, मी काय करू? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती वही कुठे आहे?"

वही आता भिशी सांभाळणाऱ्या मावशींकडे आहे, कोपऱ्यावरून तिसऱ्या घरात. जुनी पानं तशीच आहेत. वहिनींचं म्हणणं एवढंच की त्या पानावरचं त्यांचं नाव मी माझ्या हाताने खोडायचं, तिथे माझं लिहायचं, आणि ह्यांच्यासमोर. बाकी काही बोलू नका म्हणाल्या, पाया पडणं तर अजिबात नको.

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, हप्ते गोळा करायला सगळ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चारला माझ्याकडे जमतात, तेव्हाच ये, वहीसाठी वेगळं दार नाही. म्हणजे बावीस जणींसमोर. तो रविवार कोजागिरीच्या आदल्या दिवशी येतोय. वहिनींच्या मिस्टरांना रविवारी सुट्टी असते.

म्हसरूळचं मिस्टरांनी तूर्त थांबवलंय. त्यांना ती पाच मिनिटं सांगायचीत अजून, रविवारच्या आत.

मिसळ_कमी_तिखट:

ताई, एकट्या जाऊ नका. कुणीतरी सोबत न्या.

सुईदोरा:

लेक म्हणते मी येणार. मी नको म्हटलंय. तिने काल दप्तरातून लाल पेन काढून माझ्या मशीनच्या खणात ठेवलंय. मी म्हटलं, त्या वहीत सगळं निळ्याने आहे. तर म्हणे, "खोडायचं ते लालने, आई. दिसायला हवं ना."